बाबांची वॅगन आर: नाव बदलण्यापासून विक्रीपर्यंतच्या नोंदी

बाबा १४ जून २०२५ ला गेले. गाडी २०१४ ची वॅगन आर, पेट्रोल, ७४ हजार किलोमीटर चाललेली, आरसी त्यांच्या एकट्याच्या नावावर. आई गावाकडे, तिला गाडी येत नाही. मी पुण्यात, ताई हैदराबादला. गाडी विकायची हे आईनंच ठरवलं. मी गृहीत धरलं होतं, पंधरा दिवसांचं काम. प्रत्यक्षात काय झालं ते त्या त्या दिवशी मोबाइलमध्ये टिपून ठेवलं. कुणाला उपयोग झाला तर बरं.

९ ऑगस्ट, शनिवार

बाबांची फाइल काढली. शिक्षकाची फाइल, त्यामुळे सगळं क्रमानं लावलेलं: आरसी, विम्याच्या अकरा वर्षांच्या पॉलिसी, सर्व्हिसची बिलं. आरसीवर अजून बँकेचा बोजा दिसतोय. कर्ज २०१९ लाच फिटलंय, बँकेचं पत्रही फाइलमध्ये आहे, पण ते आरटीओत नेऊन बोजा उतरवायचा राहूनच गेला.

दुपारी जुन्या गाड्यांच्या एका डीलरला फोन केला. म्हणाला, "एवढं कशाला करता साहेब? फॉर्म २९ आणि ३०, म्हणजे विक्रीचे फॉर्म, त्यांवर सही आणा, तारीख मागची टाकू. बाबांची सही तुम्हाला येत असेलच की." येते. आठवीत प्रगतिपुस्तकावर केलीही होती, आणि पकडलाही गेलो होतो. या वेळी नको म्हटलं. सरळ खोटी सही आहे, आणि मृत्यू दाखल्यावरची तारीख कुणीही ताडून पाहू शकतं.

दुसरा डीलर सही मागत नव्हता, फक्त गाडी आणि मूळ आरसी द्या म्हणत होता. "नावाचं आम्ही बघून घेऊ." तेही नको. सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार हा निकाल आहे. त्यात गाडी तीन-चार हात फिरल्यावर अपघात झाला, आणि भरपाईची जबाबदारी रजिस्टरवर नाव असलेल्या पहिल्या मालकावरच आली. आमच्या बाबतीत रजिस्टरवरचा माणूस हयात नाही, म्हणजे नोटीस येणार आईच्या दारात.

ठरलं ते असं: आधी गाडी वारसाच्या नावावर, मग विक्री.

११ ऑगस्ट, सोमवार

आरटीओ. फॉर्म २९ आणि ३० भरून नेले होते, ते खिडकीवरच्या बाईंनी न वाचताच परत दिले. मालक मयत असेल तर फॉर्म ३१. पाठकोऱ्या कागदावर यादी लिहून दिली आणि एकेका ओळीवर बोट ठेवून समजावलं. पुढचे दोन महिने तो कागद माझ्या पाकिटात होता.

पहिला प्रश्न, कधी गेले? तारीख सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "तीस दिवसांत कळवायचं होतं." खरं आहे. नियम असा की मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला लेखी कळवायचं, मग तीन महिने गाडी वापरता येते आणि त्याच तीन महिन्यांत फॉर्म ३१ द्यायचा. तेराव्या-चौदाव्याच्या गडबडीत हे कुणाच्या डोक्यात येणार? पण एक साधा अर्ज आणि दाखल्याची प्रत, एवढ्यावर भागलं असतं.

दुसरा प्रश्न, कुणाच्या नावावर? मी बेधडक "माझ्या" म्हटलं. माझा आधार पुण्याचा, म्हणजे पत्ता दुसऱ्या आरटीओचा, काम दुप्पट. बाई म्हणाल्या, "आईंच्या नावावर करा ना." लायसन नसलं तरी गाडीचं मालक होता येतं. एवढा साधा विचार मी केला नव्हता.

तिसरं, नंबर प्लेट. १ एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी असल्यानं हाय सिक्युरिटी प्लेट बसवल्याशिवाय नाव बदलण्याचं आणि बोजा उतरवण्याचं काम होत नाही. तिथेच बाहेर उभं राहून मोबाइलवरून बुकिंग केलं, ८७९ रुपये. मुदत १५ ऑगस्टपर्यंत असल्यानं सगळ्या जिल्ह्याची झुंबड, स्लॉट मिळाला ४ सप्टेंबरचा. तीन दिवसांत मुदत ३० नोव्हेंबरपर्यंत वाढली.

आणखी एक. २०२१ पासून आरसीवर नॉमिनी लावता येतो. बाबांनी लावला नव्हता, आम्हीही कधी सुचवलं नाही. रात्री माझ्या गाडीला बायकोचं नाव लावायला बसलो.

१२ ऑगस्ट

परिवहनच्या साइटवर अर्ज भरायला गेलो तर ओटीपी बाबांच्या नंबरवर. तो नंबर आम्ही जुलैत रिचार्ज केला नाही, आता बंद आहे. फोन मात्र चार्ज करून कपाटात जपून ठेवलेला!

या सगळ्या प्रकरणातली सर्वांत स्वस्त चूक हीच आणि हिनंच सर्वांत जास्त वैताग दिला. बँक, विमा, फास्टॅग, गॅस, वीज, सगळीकडे तोच नंबर. घरातलं माणूस गेल्यावर निदान वर्षभर त्याचं सिम चालू ठेवा.

आईच्या सहीचा अर्ज आणि मृत्यू दाखला जोडून नंबर बदलून मागितला. आठ दिवसांनी आईचा नंबर लागला.

१८ ऑगस्ट

एक दिवस वाया. कुणीतरी सांगितलं, "वारस दाखला तलाठ्याकडे मिळतो." तलाठी भाऊसाहेबांनी समजावलं की ते सातबाऱ्यावर वारस नोंद करतात, गाडीसाठी त्याचा उपयोग नाही. कोर्टाचा वारस दाखला ही वेगळीच गोष्ट, त्याला वकील आणि महिने लागतात. आरटीओतल्या बाईंना फोन केला. वाद नसेल तर एका वारसाचं प्रतिज्ञापत्र आणि बाकीच्यांची ना-हरकत त्यांच्या कार्यालयात चालते. हे कुठे कुठे वेगळं असू शकतं, तेव्हा आपल्या खिडकीवर आधी विचारा आणि मगच स्टँप घ्या.

२२ ऑगस्ट

बँक. २०१९ चं कर्जफेडीचं पत्र घेऊन गेलो. जुनी बँक १ एप्रिल २०२० ला दुसऱ्या बँकेत विलीन झाली, त्यामुळे पाटी नवीन, माणसं नवीन. पत्र जुनं झालंय, नव्यानं ना-हरकत आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा) द्यावा लागेल म्हणाले. ५९० रुपये. कर्जाची फाइल तालुक्याच्या शाखेतून जिल्ह्याला गेली होती, तिथून कुठे गेली ते शोधण्यात अठरा दिवस. ताई फोनवर म्हणाली, "बाबांना सांग, त्यांनी पाच मिनिटांत काढून दिली असती." आम्ही दोघंही थोडा वेळ गप्प.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

गणपतीला ताई आल्याचा फायदा घेतला. स्टँप व्हेंडरकडे शंभराचा मागितला तर तो हसला. ऑक्टोबर २०२४ पासून पाचशेचाच. दोन घेतले: एकावर आईचं प्रतिज्ञापत्र, दुसऱ्यावर माझी आणि ताईची ना-हरकत. दोन्ही एकाच कागदावर उरकून ५०० वाचवायचा मोह झाला होता. नाही केलं ते किती बरं झालं, ते पुढे कळेल.

बाबांचं नाव मृत्यू दाखल्यावर एका स्पेलिंगनं, आरसीवर दुसऱ्या. दत्तात्रयचा शेवट आरसीवर एका 'ए'नं लांबलेला. शिवाय दाखल्यावर आडनाव आधी, आरसीवर शेवटी. आपल्याकडे हे घरोघरी आहे. प्रतिज्ञापत्रात एक वाक्य घातलं की ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत, आणि दोन्ही जशीच्या तशी लिहिली. त्यावर पुढे कुणी एक शब्द काढला नाही.

नोटरी ३०० रुपये.

४ सप्टेंबर

प्लेट बसली. जुन्या प्लेटवर बाबांनी कोपऱ्यात छोटंसं 'श्री' रंगवून घेतलं होतं, ती आईनं ठेवून घेतली. पुढच्या काचेला आतून स्टिकरही लावून दिला. येताना पीयूसी, १२५ रुपये.

थकलेलं ई-चलन तपासलं. एक निघालं, २००० रुपयांचं: द्रुतगती मार्गावर, घाटात, वेग जास्त. घाटात मर्यादा ६० ची. फोटोत गाडी आमचीच, तारीख मे महिन्याची, म्हणजे बाबांना तपासणीसाठी मुंबईला नेलं तेव्हाची. चालवत मीच होतो. भरलं.

१५ सप्टेंबर, सोमवार

सगळी फाइल घेऊन आरटीओ. दोन कारणांनी परत.

पहिलं, बाईंनी विचारलं, "मयताची आई हयात आहे का?" आहे. आजी ८८ वर्षांची, काकांकडे असते. हिंदू उत्तराधिकार कायद्यात बायको आणि मुलांइतकीच आईही पहिल्या वर्गातली वारस. मी प्रतिज्ञापत्रात लिहून ठेवलं होतं की आम्हा तिघांखेरीज कुणीही वारस नाही. म्हणजे नोटरीपुढे शपथेवर खोटं, तेही आजी शेजारच्या गल्लीत असताना. आम्हा तिघांपैकी कुणालाच हे सुचलं नाही, आणि मसुदा टाइप करणाऱ्यानंही विचारलं नाही.

सुदैव एवढंच की ताईच्या सहीचा कागद वेगळा होता. तो तसाच चालणार. नाहीतर हैदराबादहून कुरिअर.

दुसरं, आरसीवर बोजा जुन्या बँकेचा आणि ना-हरकत नव्या बँकेच्या लेटरहेडवर. विलीनीकरण सगळ्या देशाला ठाऊक आहे, पण फाइलला कागद लागतो. बँकेनं तसं पत्र द्यायचं.

२० सप्टेंबर, शनिवार

पितृपक्ष, त्यामुळे गाडी पाहायलाही कुणी येत नाही. बसल्या बसल्या विम्याची पॉलिसी शेवटपर्यंत वाचली, जी आधी वाचायला हवी होती. पॉलिसीवर मुदत ३० नोव्हेंबरची. पण आतल्या पानावर स्पष्ट लिहिलंय: विमाधारकाचा मृत्यू झाला तर पॉलिसी लगेच रद्द होत नाही, मृत्यूपासून तीन महिने किंवा मुदत संपेपर्यंत, यात जे आधी येईल तोवर चालू राहते. म्हणजे १४ सप्टेंबरला संपली. १५ तारखेला मी तीच गाडी घेऊन भर बाजारातून आरटीओत गेलो होतो.

त्या तीन महिन्यांत वारसानं पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यायची असते. गाडी पडवीत लावली, बॅटरीची वायर काढली. यापुढे एसटी.

२३ सप्टेंबर

नवे दोन स्टँप. आईचं दुरुस्त प्रतिज्ञापत्र आणि आजीची स्वतंत्र ना-हरकत. आजीला तालुक्याला नेणं शक्य नाही, म्हणून नोटरी घरी आले, ८०० घेतले.

मसुद्यात टाइप होतं, "डाव्या हाताचा अंगठा". नोटरीनं शाईचं पॅड उघडलं. आजी म्हणाली, "मला सही येते." बाबा नोकरीला लागल्यावर पहिल्या सुट्टीत त्यांनीच तिला शिकवली होती. खाटेवर पाट ठेवला, पाटावर कागद. तिनं चष्मा मागवला, पेन दोनदा झटकलं आणि लिहायला लागली. पहिली तीन अक्षरं ओळीत, पुढची उतरत उतरत स्टँपच्या कडेपर्यंत. चारेक मिनिटं लागली, घरात कुणी बोललं नाही. मग नोटरीनं "अंगठा" हा शब्द पेनानं खोडला, वर "सही" लिहिलं आणि बाजूला स्वतःची छोटी सही केली. ती बाजूची सही विसरू नका, खाडाखोड तशीच राहिली तर कागद परत येतो.

९ ऑक्टोबर

बँकेचं विलीनीकरणाचं पत्र मिळालं. तीन ओळींच्या पत्राला चोवीस दिवस आणि दोन फेऱ्या. दुसऱ्या फेरीत मसुदा मीच टाइप करून नेला, तेव्हा कुठे शिक्का पडला. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट. आरटीओबाहेर काही जण करून देतात, पण गाडी न्यायची नाही, म्हणून घरीच. आमच्या गाडीत नंबर बॉनेटखाली, इंजिनच्या मागच्या पत्र्यावर कोरलाय. अकरा वर्षांचं तेलकट किटण आधी रॉकेलच्या फडक्यानं पुसायचं, पूर्ण कोरडं करायचं, मगच कागद. पहिले दोन प्रयत्न फुकट गेले: एकदा एचबी पेन्सिल फिकी उमटली, एकदा कागद सरकला आणि आकडे दुहेरी आले. तिसऱ्यांदा पातळ कागद दोन्ही बाजूंनी सेलोटेपनं चिकटवला, सिक्स बी पेन्सिल आडवी धरून हलक्या हातानं घासली. सतराही अक्षरं स्वच्छ. दोन प्रती काढून ठेवल्या.

फाइल स्वीकारली. बोजा उतरवणं आणि नाव बदलणं एकाच अर्जात. पावती १,२५८ रुपयांची, त्यात ५०० उशिराचे. एजंटनं याच कामाचे ७,५०० सांगितले होते. फेऱ्या मोजल्या तर तो फार जास्त सांगत होता असं नाही, पण आजीचा मुद्दा त्यालाही सुचला नसता.

१२ नोव्हेंबर

मध्ये दिवाळी. आज टपालानं आरसी आली. आईचं नाव, बोज्याचा रकाना रिकामा. आईनं चष्मा लावून दोन्ही बाजूंनी वाचली आणि देवघरात नेऊन ठेवली. संध्याकाळी मला ती तिथून परत मागून घ्यावी लागली.

१४ ते २० नोव्हेंबर

विमा. नवीन पॉलिसी आईच्या नावावर. फोनवरच्या मुलाचं म्हणणं, मालक बदलला, नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) शून्य. एरवी ते बरोबरच आहे. बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही. पण मालकाच्या मृत्यूनंतर गाडी नवरा-बायको, मुलं किंवा आई-वडिलांकडे आली तर बोनसही त्यांच्याकडे येतो. बाबांचा ५० टक्क्यांचा होता, अकरा वर्षांत एक क्लेम नाही. तीन फोन आणि एका ईमेलनंतर मान्य झालं. खंड ९० दिवसांच्या आतला होता, म्हणून वाचलो. नाहीतर बोनस गेलाच होता. मधल्या खंडामुळे गाडीचे फोटो आणि व्हिडिओही मागितले.

आईकडे लायसन नाही, त्यामुळे मालक-चालकाच्या अपघात विम्याचा हप्ता लागत नाही. तो बिलात लावला होता, काढायला लावला.

२२ नोव्हेंबर

फास्टॅग बाबांच्या खात्यावरचा. एका गाडीला एकच टॅग, त्यामुळे जुना बंद झाल्याशिवाय घेणाऱ्याला नवा मिळत नाही. बंद करण्याचा अर्ज दिला. शिल्लक ३४२ रुपये.

७ डिसेंबर, रविवार

एका मोठ्या कंपनीचा माणूस आला होता. फोनवर सव्वादोन लाख, दारात आल्यावर एक बहात्तर. दीड तास टॉर्च मारून बघितलं, शेवटी म्हणाला, "सेकंड ओनर आहे ना सर." आरसीवर आता आई दुसरी मालक, हे खरंच. वारसानं आलेली गाडी आणि विकत घेतलेली गाडी यांत बाजार फरक करत नाही. हा तोटा धरून चाला.

दुपारी शेजारच्या गावातल्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टर आणि त्यांचे मिस्टर. गाडीपेक्षा डॅशबोर्डच्या कप्प्यातली वही त्यांनी जास्त वेळ पाहिली. बाबा प्रत्येक वेळी पेट्रोल भरलं की तारीख, किलोमीटर, लिटर आणि रुपये लिहायचे. पहिली नोंद २०१४ ची, शेवटची मे २०२५ ची. मधे कुठे कुठे शेरा: "हवा कमी होती", "एसी सुरू, म्हणून". सिस्टर म्हणाल्या, "मीटर मागे फिरवलेला नाही, हे तर दिसतंच." एक लाख पंच्याण्णव हजारांना ठरलं.

१३ डिसेंबर, शनिवार

पैसे एनईएफटीनं आईच्या खात्यात आल्यावरच किल्ली. फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३० वर आईच्या सह्या, घेणाऱ्यांच्या आधारच्या प्रती, आणि ताबा पावती. पावतीवर तारखेबरोबर वेळही लिहिली, सायंकाळी ५.४०. त्याच रात्रीचं चलन आलं तर कुणाचं, हा वाद नको. विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, ते मी सोमवारीच उरकलं. एकदा ३० दिवसांची मुदत चुकवली होती.

त्यांनी वही मागितली. आईनं दिली नाही. मी झेरॉक्स काढून दिली, ६२ पानं.

९ जानेवारी २०२६

साइटवर आता सिस्टरांचं नाव दिसतंय. माझ्याकडून काम संपलं.

खर्चाचा हिशेब: स्टँप २,०००, नोटरी १,१००, बँक ५९०, प्लेट ८७९, पीयूसी १२५, चलन २,०००, आरटीओ १,२५८. एकूण ७,९५२. विम्याचा हप्ता आणि पुण्याहूनच्या सात फेऱ्या वेगळ्या. आजीला आधीच धरलं असतं तर स्टँप-नोटरीचा काही खर्च वाचला असता, वेळेत अर्ज दिला असता तर आणखी ५००.

फास्टॅगच्या ३४२ रुपयांचा आज ईमेल आला. रिफंड मंजूर आहे, पण तो फक्त टॅगधारकाच्या स्वतःच्या खात्यातच जमा होईल म्हणे. ते खातं आम्ही ऑगस्टमध्ये बंद केलं.